घंगाळातली शपथ

त्या राज्यात शुद्धता होती आणि पोटदुखी होती, आणि दोन्ही दरसाल वाढत होत्या. शुद्धतेचे श्रेय दरबार घेत असे. पोटदुखीचे खापर डुकरांवर फुटत असे. डुकरांची बाजू कधी कोणाच्या कानावर आली नाही, कारण राज्यात आल्यावर ती फार वेळ जिवंत राहत नसत.

डुकरे नदीपलीकडून येत. राज्यातले लांडगे, तरस, कोल्हे, मुंगसे आणि घारी त्यांच्यावर जगत, आणि जेवून उठले की त्यांच्या घाणेरडेपणाविषयी बोलत. एरवी तिथे कोणत्याही बाबतीत दोन प्राण्यांचे एकमत नव्हते. लांडगे घारींना उपरे म्हणत, घारी लांडग्यांना आडदांड म्हणत, आणि मुंगसांशी तर कोणीच धड बोलत नसे. पण डुक्कर घाण, हे सगळे एका सुरात म्हणत. राज्य टिकून आहे ते या एकमतावर, असे दरबारातले जाणते सांगत, आणि ते खोटे नव्हते.

एवढ्या घाणीतून आपण एवढे शुद्ध मांस काढतो, याचा मात्र सगळ्यांना मोठा अभिमान होता. त्यासाठी राज्याने मांसशाळा बांधली होती. तिथे मारलेले डुक्कर आधी कढत पाण्याच्या कुंडात बुडवले जाई, म्हणजे केस सुटत. मग ते मोठ्या जाळावरून फिरवले जाई. उरलेसुरले केस आणि कातडीवर जे काही असेल ते चरचरत जळून जाई. जाळातून निघालेले डुक्कर काळेठिक्कर असे.

पण काळे मांस दरबाराला बघवत नसे. शुद्ध म्हणजे गोरे, अशी त्या राज्याची पक्की समजूत होती. म्हणून जाळाच्या पुढच्याच पायरीवर साळोजी नावाचे साळिंदर बसवले होते. साळोजी अंगावरच्या काट्यांनी डुकराला घासून घासून गोरेगोमटे करी. त्याच्या काट्यांच्या बेचक्यांत आजच्या, कालच्या आणि परवाच्या डुकरांचे काही ना काही राहिलेले असे. ते साळोजीला दिसत नसे, कारण त्याच्या पाठीवर होते. बाकीच्यांना दिसत नसे, कारण ते मांसाची चकाकी बघत असत.

मग तरस पोट फाडून आतडी काढत. घाईत एखादे आतडे फुटले की सांडलेले ते एका ओल्या फडक्याने पुसून घेत, आणि त्याच फडक्याने बाकीचे अंगही पुसत. एका जागी होते ते असे सगळीकडे सारखे होई. याला तिथे टापटीप म्हणत.

शेवटी महापरीक्षक ढोकराव यांच्यापुढे डुक्कर येई. ढोकराव म्हणजे टक्कल पडलेला, उंच पायांचा, गंभीर चेहऱ्याचा ढोक पक्षी. त्यांची चोच चांगली हातभर लांब होती. ती ते डुकराच्या गळ्यात खुपसत, जबड्याखालच्या गाठी फोडून बघत, पोटात ढवळत, आणि डोळे मिटून निर्णय देत. एखाद्या गाठीत पू निघाला तर ते खणखणीत आवाजात "बाद" म्हणत, आणि ते डुक्कर बाहेर फेकले जाई. मग तीच चोच ते पुढच्या डुकराच्या गळ्यात खुपसत आणि म्हणत, "पास." पास झालेल्या मांसावर ते आपल्या पायाचा ठसा उमटवत. तो ठसा असल्याखेरीज राज्यात मांस खाणे हा गुन्हा होता.

ढोकरावांच्या शेजारी चुलीवर एक तांब्याचे घंगाळ असे. त्यात पाणी सदैव उकळत ठेवलेले असे. राज्याच्या पहिल्या राजाने ते परीक्षकाच्या हाताशी ठेवायला सांगितले होते. कशासाठी, ते सांगायचे राहून गेले होते, किंवा सांगितले होते आणि कोणी ऐकले नव्हते. पण घंगाळाची व्यवस्था उत्तम होती. एक म्हातारी घार ते रोज चिंच लावून लखलखीत घाशी, ताजे पाणी भरी, हळदकुंकू वाही आणि झेंडूची माळ घाली. ढोकराव कामाला उभे राहण्याआधी दोन्ही पंख जोडून त्याला नमस्कार करत. त्यानंतर दिवसभर कोणी त्याच्याकडे बघत नसे.

चोच पाण्यात बुडवण्याचा तर प्रश्नच नव्हता. महापरीक्षक नेमताना दरबार त्याच्या चोचीवर सत्याची शपथ चढवत असे. ती चढवलेली शपथ पाणी लागले की उतरते, हे लहान पिल्लालाही ठाऊक होते. म्हणून ढोकरावांनी नेमणुकीच्या दिवसापासून चोच धुतली नव्हती. तिच्यावर काळपट, जाड, कडक साय धरली होती, आणि तीच शपथ आहे असे समजून लोक तिच्याकडे आदराने बघत. घरी मात्र ढोकरावांच्या पिल्लाला त्याची आई भरवी, आणि तेही नदीतले ताजे मासे. "आमच्या बाळाला डुक्कर सोसत नाही," असे ढोकराव सांगत. केवढे पथ्य सांभाळतात, म्हणून लोक त्यांचे कौतुक करत.

त्या राज्यात कोंडाबाई नावाची एक कोल्हीण राहत होती. पिल्लू दूध सोडायला आले की त्याची उष्टावण करायची आणि पहिला घास ठशाच्या मांसाचा द्यायचा, असा कायदा होता. कोंडाबाईने दोन पिल्लांच्या उष्टावणी थाटात केल्या होत्या. दोन्ही पिल्ले त्याच आठवड्यात पोट धरून तडफडत गेली. शेजारणी आल्या, रडल्या, आणि "डुकरंच मेली तसली," असे म्हणून आपापल्या बिळात गेल्या. आता तिची एकच लेक उरली होती, चिंगी. चिंगीला दात येत होते, आणि कोंडाबाईला ते दात बघून आनंद होण्याऐवजी भीती वाटत होती.

तिला राज्य सुधारायचे नव्हते. तिला चिंगीसाठी एक चांगला घास हवा होता. तो आपणच नाक लावून निवडावा, एवढ्यासाठी ती मांसशाळेच्या दाराशी जाऊन बसली.

दाराबाहेर डुकरांची रांग होती. त्यातल्या एका म्हाताऱ्या डुकराने तिला विचारले, "काय हुंगताय, बाई?"

"घाण," कोंडाबाई म्हणाली. "कुठनं येते ते बघतेय."

"मग आमच्याकडं बघा की. सगळे आमच्याकडंच बघतात."

"तुमच्यात नाही का मग?"

"आहे की. पोटात आहे. तुमच्या पोटात नाही होय? घाण पोटातच असते, बाई. ती बाहेर कोण काढतं नि कुठं कुठं लावतं, ते बघा." रांग पुढे सरकली. म्हाताऱ्याने खुरांची माती झटकली. "आम्हाला कापता, त्याचं काही नाही. खायचंच म्हटल्यावर कापणारच. पण नावं ठेवत कापता, ते लागतं मनाला." मग त्याची पाळी आली. "येतो," असे तो सवयीने म्हणाला आणि आत गेला.

कोंडाबाई दिवसभर तिथून हलली नाही. जाळातून निघालेल्या डुकराला नुसता करपट वास होता, दुसरा कसलाही नाही. साळोजीच्या हातून निघाले की त्याला कालच्या डुकरांचा वास येई. तरसांच्या फडक्यानंतर आतड्यांचा येई. दुपारी एका डुकराच्या गाठीतून गोडसर कुबट वास आला, आणि ढोकराव "बाद" म्हणाले. तो वास तिला चांगला ओळखीचा होता. तिच्या दोन्ही पिल्लांच्या तोंडाला शेवटी तोच येत होता. बाद डुक्कर बाहेर गेले, पण वास आतच राहिला. तो पुढच्या डुकराच्या गळ्यात गेला, मग त्याच्या पुढच्या, आणि संध्याकाळपर्यंत पास झालेल्या प्रत्येक डुकराला येऊ लागला.

ती ढोकरावांपुढे गेली. "महाराज, मला जाळातनं निघालेल्याचा एक तुकडा द्या. काळा असला तरी चालंल."

"काळं मांस?" ढोकरावांनी मान उंच केली. "बिनठशाचं? उष्टावणीला? बाई, तू आई आहेस की कोण?"

"मग एवढं तरी करा. चोच त्या घंगाळात एकदा बुडवा, आणि मग माझा तुकडा काढा. पाणी तर उकळतंच आहे."

आजूबाजूचे तरस हातातले काम टाकून बघत राहिले. म्हातारी घार घंगाळापुढे पंख पसरून उभी राहिली. ढोकराव मात्र शांत होते. रागावणे त्यांच्या पदाला शोभत नसे.

"शपथ उतरेल," ते म्हणाले.

"शपथ काय मेंदी आहे, उतरायला?"

"उतरते."

"कुणी बघितलीय उतरताना?"

"कोणी कशी बघेल? कोणी कधी धुतलेलीच नाही," ढोकराव म्हणाले, आणि एवढा बिनतोड मुद्दा मांडल्यावर त्यांनी चोच पुढच्या डुकरात घातली.

कोंडाबाई दरबारात गेली. दरबाराचे प्रमुख बिबटे महाराज वयाने थकले होते, आणि ऐकून घेण्याबद्दल त्यांची ख्याती होती. त्यांनी सगळे ऐकून घेतले. दोन पिल्लांचे ऐकताना त्यांच्या डोळ्यांत पाणीही आले. मग त्यांनी मांसशाळेची कसून चौकशी करण्याचा हुकूम दिला, आणि चौकशीसाठी राज्यात जो सर्वांत विश्वासू होता त्याला, म्हणजे ढोकरावांना, नेमले.

ढोकरावांनी चौकशी मनापासून केली, हे कबूल केले पाहिजे. शपथेला पाणी लागू नये म्हणून त्यांनी कुंड उपसून कोरडे करवले, मग त्यात चोच घालून पाहिली, आणि बाहेर काढून पुन्हा पाहिली, तेव्हा कुंड घाण असल्याचे दिसून आले. तरसांच्या फडक्यात चोच घातली, तर फडके घाण निघाले. साळोजीच्या काट्यांत घातली, तर काटेही घाण निघाले. जिथे जिथे त्यांनी चोच लावली तिथे तिथे घाण सापडली, आणि एवढी घाण आपल्या नजरेतून सुटत होती याचे त्यांना मनापासून वाईट वाटले. फक्त जाळात त्यांना चोच घालता आली नाही. दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा चटका बसला. जे तपासू देत नाही त्याच्यात नक्कीच काही काळेबेरे असणार, असे त्यांनी दरबारात सांगितले. जाळातून निघणारे डुक्कर काळे असते, हे तर सगळ्यांनीच पाहिले होते.

दरबाराने जाळ विझवला. त्याच्या जागी दुसरे साळिंदर नेमले, म्हणजे मांस दोनदा घासले जाऊ लागले. ढोकरावांनीही आपली जबाबदारी वाढवून घेतली, आणि प्रत्येक डुकरात एकाऐवजी तीन ठिकाणी चोच घालू लागले. मांस इतके गोरे कधीच नव्हते. त्या हंगामात राज्यात जेवढी पिल्ले उष्टावली त्यातली निम्मी मातीत गेली. दरबाराने शोक केला, आणि डुकरांना नदीतून येताना तोंड खाली घालून चालण्याची सक्ती केली.

हे सांगताना हसू येते. पण पिल्ले खरीच मेली होती, आणि त्यांच्या आया खऱ्याच होत्या. त्या आता कोंडाबाईकडे येऊन बसू लागल्या. कोणी उघड काही बोलत नव्हते, पण उष्टावणी लांबणीवर पडू लागल्या. दात आलेली पिल्ले दुधावर राहून आयांना ओरबाडू लागली. ठशाचे मांस पडून राहू लागले, आणि तेव्हा कुठे दरबाराला प्रकरणाचे गांभीर्य कळले.

बिबटे महाराजांनी यावर फार चांगला तोडगा काढला. जिने संशय घेतला तिच्याच लेकीची उष्टावण राज्यातर्फे करायची, सगळ्या प्रजेसमोर, वाजतगाजत. घास खुद्द महापरीक्षक आपल्या चोचीने भरवतील. हा मान आजवर कोणालाही मिळालेला नव्हता. कोंडाबाईला निरोप आला तेव्हा बरोबर चार लांडगेही आले होते, त्यामुळे मान नाकारण्याची सोय नव्हती.

तिने चिंगीचे अंग चाटून काढले. चिंगीला भूक लागली होती आणि ती सारखी आईचा कान चावत होती. कोंडाबाईने तिला तोंडात धरले आणि लांडग्यांबरोबर निघाली. वाटेत ती नुसती चालत नव्हती, विचार करत होती.

मांसशाळेच्या पटांगणात सगळे राज्य जमले होते. पुढच्या ओळीत ढोकरावांची बायको आणि त्यांचे पिल्लू होते. मध्ये दोनदा घासलेले पांढरेशुभ्र मांस मांडले होते. शेजारी चुलीवर घंगाळ उकळत होते, आणि त्या दिवशी त्याला दुहेरी माळ होती. कोंडाबाईने चिंगीला खाली ठेवले आणि दरबाराला वाकून नमस्कार केला.

"महाराज, मानाबद्दल उपकार आहेत," ती म्हणाली. "आजपासून ढोकरावांना मी भाऊ मानते. उष्टावणीचा घास मामाचाच असतो. पण आम्हा कोल्ह्यांत एक रीत आहे. मामा त्या घासातला आधी आपल्या लेकराला भरवतो, मग भाचीला. तेवढी रीत राहू द्या."

प्रजेला हे फार आवडले. म्हाताऱ्या घारीने डोळे पुसले. रुसलेली कोल्हीण महापरीक्षकांना भाऊ म्हणते, याहून सुंदर ते काय, असे बिबटे महाराजांना वाटले आणि त्यांनी मान डोलावली. ढोकरावांचे पिल्लू उड्या मारत पुढे आले. बाबांच्या चोचीतून त्याला कधी घास मिळाला नव्हता. त्याने चोच उघडली आणि डोळे मिटून घेतले.

ढोकरावांनी मांसाचा तुकडा उचलला. तो चोचीत धरून ते पिल्लावर वाकले, आणि वाकलेले तसेच राहिले. वाजंत्री वाजत होती ती थोडा वेळ वाजत राहिली आणि मग आपोआप थांबली. पिल्लाने एक डोळा किलकिला करून वर पाहिले.

"अहो," पुढच्या ओळीतून ढोकरावांची बायको म्हणाली.

ढोकरावांच्या चोचीतून तुकडा खाली पडला. ते वळले, चुलीपाशी गेले, आणि कोणाला काही कळायच्या आत त्यांनी चोच डोळ्यांपर्यंत घंगाळात खुपसली. पाणी चर्रकन वाजले. चटका बसला असणार, पण त्यांनी चोच काढली नाही. पाणी आधी तांबूस झाले, मग तपकिरी, मग काळे, आणि वर जाड पापुद्रे तरंगू लागले. बऱ्याच वेळाने त्यांनी चोच बाहेर काढली तेव्हा ती पिवळीधमक होती. ती पिवळी आहे, हे प्रजेला ठाऊक नव्हते. ढोकराव स्वतःही विसरले असावेत.

ते मांसापाशी परत आले. वरचे पांढरे कातडे त्यांनी पायाने बाजूला सारले. मग त्यांनी आतल्या मांडीतला, साळोजी आणि फडके कधी पोचले नव्हते तिथला, तांबडा तुकडा खोलवरून काढला, आणि आपल्या पिल्लाला भरवला.

"आता भाचीला," कोंडाबाई म्हणाली, आणि तिने चिंगीला पुढे ढकलले.

ढोकरावांनी तिच्याकडे पाहिले नाही. त्यांनी शेजारचाच दुसरा तुकडा काढून पुढे केला. कोंडाबाईने त्याला आधी स्वतःचे नाक लावले. त्याला मांसाचा वास येत होता आणि दुसरा कसलाच नव्हता. चिंगीने तो गुरगुरत खाल्ला आणि आणखी मागितला.

इकडे दरबारात मोठी गडबड उडाली होती. शपथ उतरली होती. धुतलेल्या चोचीवर आता कोण विश्वास ठेवणार, असे तरस विचारू लागले. ढोकरावांना तिथल्या तिथे पदावरून काढण्यात आले, आणि कधीही चोच न धुतलेला एक तरुण ढोक शोधायला घारी पाठवण्यात आल्या. ढोकरावांनी पिल्लाला पंखाखाली घेतले आणि बायकोबरोबर नदीच्या दिशेने निघून गेले. तिघांनी एकदाही मागे वळून पाहिले नाही.

पण शपथ गेली कुठे, हा प्रश्न उरलाच. पिढ्यान्‌पिढ्या जपलेली वस्तू अशी वाऱ्यावर कशी सोडायची, म्हणून जाणते चिंतेत पडले. तेव्हा म्हाताऱ्या घारीला सुचले. चोचीवरची शपथ पाण्यात उतरली असेल, तर ती कुठेही गेलेली नाही, घंगाळातच आहे. सगळ्यांनी घंगाळात वाकून पाहिले. खरेच, सगळी शपथ तिथे होती, काळी, दाट आणि भरपूर. आजवर ती एका चोचीत अडकून पडली होती, आता प्रजेच्या पोटापोटात जाईल, असे बिबटे महाराज गहिवरून म्हणाले. पाणी फार कढत होते, म्हणून साळोजीने आपल्या काट्यांनी ते ढवळून ढवळून निववले.

तीर्थासाठी रांग लागली. पिल्लांना आधी, असे ठरले, कारण राज्याचे पिल्लांवर प्रेम होते. आणि पिल्लांमध्येही पहिला मान अर्थातच उष्टावणीवाल्या चिंगीचा होता. चार लांडग्यांनी तिच्यासाठी वाट मोकळी केली. घारीने पळी भरून पुढे धरली आणि म्हणाली, "घे गं, लाजू नको."

चिंगीला घास खाऊन तहान लागली होती. तिने जीभ बाहेर काढली. कोंडाबाईने पंजा तिच्या नाकाखाली नेऊन तिचे तोंड गच्च मिटले आणि तसेच दाबून धरले. पळीतले थेंब पंजावरून खाली ओघळत राहिले. त्यांच्या मागे, पटांगणाच्या टोकापर्यंत, आया आपापल्या पिल्लांची तोंडे उघडून उभ्या होत्या.